मदिरा नव्हे, मदेरा!

दोन शब्द कानाला जुळ्या भावंडांसारखे लागावेत आणि त्यांचे एकमेकांशी काडीचेही नाते नसावे, असे भाषेत क्वचित घडते. 'मदिरा' हा आपला संस्कृत शब्द. त्याच्या पोटात 'मद्' हा धातू आहे. चढणे, धुंद होणे हा त्याचा अर्थ. 'मदेरा' हा शब्द पोर्तुगीज, आणि त्याचा अर्थ काय म्हणाल, तर साधे लाकूड! १४१९ च्या सुमारास पोर्तुगीज खलाशी अटलांटिक महासागरातल्या एका डोंगराळ बेटावर उतरले. किनाऱ्यापासून शिखरापर्यंत दाट अरण्य पाहून त्यांनी त्या बेटाला लाकडाचे बेट, म्हणजे 'मदेरा' असे नाव दिले. पुढे अरण्य तोडून तिथे ऊस आला, द्राक्षे आली, द्राक्षांचे मद्य आले आणि बेटाचे नाव मद्याला चिकटले. तेव्हा मदेरा ही मदिरा झाली खरी, पण जन्माने नव्हे, कर्माने!

आता कोणी विचारील, दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी ही बाटली कशाला आणून ठेवता? आणि वऱ्हाडातल्या अचलपूरचा तिच्याशी संबंध तो काय? प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाच्या वाटा फार वाकड्यातिकड्या असतात. शिवाय या मद्याची सारी कथा मुरण्याची आहे, आणि मुरणे म्हणजे काय हे मराठी घराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्यांच्या फडताळात लोणच्याची बरणी आहे, शिंकाळ्यावर विरजणाचे भांडे टांगल्याची आठवण आहे आणि आजीने हातात ठेवलेला मोरावळा ज्यांच्या जिभेवर आहे, त्या सर्वांना ही कथा आपलीच वाटेल. चाखायची गरज नाही. ऐकली तरी पुरे.

अचलपूरच्या वेशीवर

अचलपूर हे साधेसुधे गाव नव्हे. एलिचपूर या नावाने ते शतकानुशतके वऱ्हाडची राजधानी होते. १४९० साली फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने बहमनी सत्तेतून फुटून इमादशाही स्थापली. त्या राज्याची राजधानी हीच. जवळच सातपुड्याच्या कड्यावर गाविलगड उभा. महानुभावांच्या लीळाचरित्रात हे गाव आहे, मोगलांच्या दप्तरात आहे, निजामाच्या वसुलात आहे आणि नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांतही आहे.

१८०३ साली याच मुलुखात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा एक अंक संपला. असईच्या लढाईनंतर जनरल ऑर्थर वेलस्ली याची फौज वऱ्हाडात उतरली. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. त्यानंतर जखमी सैनिकांसाठी इस्पितळाची सोय करण्याकरिता इंग्रज फौजेने अचलपुरास तळ दिला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगाव येथे रघूजी भोसले यांच्याशी तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे गेला. महिना संपण्याआधी, ३० डिसेंबरला, सुर्जी अंजनगावी शिंद्यांशीही तह झाला. आज मोटारीने अर्ध्या दिवसात फिरून येता येईल अशा टापूत अवघ्या दोन आठवड्यांत महाराष्ट्राचे भवितव्य फिरले!

या फौजेचा दाणागोटा बंजाऱ्यांच्या तांड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर चालत असे. तांदूळ, गहू, मीठ, दारूगोळा हे तर झालेच. पण त्या काळच्या इंग्रज अंमलदाराच्या तंबूत आणखी एक वस्तू हटकून सापडे. ती म्हणजे मदेरा. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी हिंदुस्थानातल्या इंग्रजांचे नित्याचे मद्य हेच होते. मुंबई, मद्रास, कलकत्ता, जिथे जिथे कंपनीचे ठाणे तिथे तिथे ते जाई. व्हिस्कीचा जमाना अजून यायचा होता आणि सोड्याच्या बाटलीचाही.

पण हेच मद्य का? फ्रान्समधली उंची वाईन काय कमी होती? याचे उत्तर आपल्या उन्हात आहे.

उन्हाने सुधारलेले मद्य

साधी वाईन फार नाजूक. ऊन लागले की बिघडते, हवा लागली की आंबते. आंबलेल्या वाईनचा शिरका होतो, आणि शिरका पेल्यात नव्हे, लोणच्यात शोभतो. लंडनहून निघालेले जहाज हिंदुस्थानला पोचायला सहा-सहा महिने लागत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायचे, म्हणजे विषुववृत्त एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा उत्तरेकडे येताना ओलांडायचे. जहाजाच्या पोटातल्या उकाड्यात युरोपची वाईन टिकायची कशी?

मदेराच्या व्यापाऱ्यांनी यावर तोड काढली होती. वाईन बिघडू नये म्हणून ते तिच्यात द्राक्षांचाच कडक अर्क घालीत. अठराव्या शतकात ही रीत रूढ झाली. कंपनीची जहाजे वाटेत या बेटावरच्या फुंशाल बंदरात पाणी, भाजीपाला आणि वाईन भरून घेत. मग चमत्कार झाला. हिंदुस्थानला पोचलेली वाईन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघाली! उकाड्याने आणि जहाजाच्या हिंदोळ्यांनी तिचा तिखटपणा गेला, रंग पिंगट झाला आणि चवीला भाजलेल्या साखरेची, सुक्या मेव्याची खुमारी आली. न खपलेली काही पिंपे परत मायदेशी गेली, ती तर आणखी सरस ठरली. जाऊन-येऊन विषुववृत्त चार वेळा ओलांडलेल्या या वाईनला पोर्तुगीज भाषेत 'विन्यु द रोदा', म्हणजे फेरी करून आलेली वाईन, असे नाव पडले. लंडनच्या बाजारात 'ईस्ट इंडिया मदेरा' म्हणून तिला चढा भाव मिळू लागला. इतका, की व्यापारी केवळ फेरी घडावी म्हणून पिंपे जहाजात घालून हिंदुस्थानला पाठवू लागले. माणसे काशीयात्रा करून पुण्यवान होतात, वाईन हिंदुस्थानची यात्रा करून मौल्यवान होऊ लागली!

पण प्रत्येक पिंपाला समुद्रयात्रा घडवणे खर्चाचे. म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटी बेटावरच उष्ण कोठारे बांधण्यात आली. आजही स्वस्त प्रतीची मदेरा टाकीत ४५ ते ५० अंश उष्णतेवर निदान तीन महिने तापवतात. उंची प्रतीची वाईन मात्र लाकडी पिंपांतून माळ्यावर, उन्हाने तापणाऱ्या छपराखाली वर्षानुवर्षे ठेवतात. ४५ अंश हा आकडा वाचून वऱ्हाडी वाचकाला हसू येईल. तो म्हणेल, "एवढंच ना? आमच्या इथं मे महिन्यात मानूस बी मुरते!"

आणि 'पिंप' हा शब्दही जाता जाता पाहून घ्या. मोठ्या लाकडी पात्राला पोर्तुगीज भाषेत 'पिपा' म्हणतात, आणि त्यावरूनच आपले पीप आणि पिंप आले. चावी, पगार, पाव आणि बटाटा ज्या वाटेने मराठीत आले त्याच वाटेने. मदेराच्या एका पिंपात सुमारे ४१८ लिटर वाईन मावे. आपल्या घरी त्या नावाच्या पात्रात पाणी भरतात, तांदूळ भरतात. शब्द तोच, भरायची वस्तू ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे!

गोडी कुठून येते?

मदेराच्या नाना जाती आहेत. सेर्सियाल ही कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली. वेर्देल्यु थोडी गोड, बुआल अधिक गोड आणि माल्वाझिया ही सर्वांत गोड. या चारही पांढऱ्या द्राक्षांच्या जाती. माल्वाझियाला इंग्रज 'माम्झी' म्हणतात. इंग्लंडच्या राजाचा भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरेन्स याला १४७८ साली याच नावाच्या गोड मद्याच्या पिंपात बुडवून मारले अशी दंतकथा आहे. ती बहुधा मदेराची नव्हे, पूर्व भूमध्य समुद्राकडची असावी; पण नाव मात्र तेच.

ही गोडी साखर घालून आणलेली नसते. द्राक्षाचा रस आंबू लागला की त्यातल्या सूक्ष्म जिवांना साखर खायला मिळते आणि ते तिचे मद्यार्कात रूपांतर करतात. त्यांना पोटभर जेवू दिले तर साखर संपते आणि वाईन कोरडी होते. मध्येच, पंगत अर्ध्यावर असताना, कडक अर्क ओतला की ते जीव मरतात आणि उरलेली साखर रसात तशीच राहते. माल्वाझियाच्या बाबतीत हा अर्क अगदी लवकर घालतात, म्हणून लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर शिल्लक उरते. एवढ्या गोडीने ती पाकासारखी चिकट लागायला हवी. पण बेटाची माती ज्वालामुखीची, द्राक्षात आंबटपणा भरपूर, म्हणून गोडीला लिंबाच्या फोडीसारखी धार येते. आपली गृहिणी आमटीत गूळ आणि आमसूल एकाच वेळी घालते, तोच न्याय.

आपल्याकडे द्राक्षासव आहेच. अशक्तपणावर वैद्य देतात ते द्राक्षासवही द्राक्षे आंबवूनच करतात आणि त्यात आपोआप तयार झालेला थोडा मद्यार्क असतो. फरक प्रमाणाचा. मदेरात मद्यार्क शेकडा १७ ते २२. तेव्हा गोड लागते म्हणून सरबत समजू नये!

घरातले विरजण आणि बेटावरचे पिंप

आता या कथेचा गाभा. ही वाईन बहुधा एका वर्षाच्या द्राक्षांची नसते. अनेक वर्षांच्या वाईनी एकत्र करून ती सिद्ध होते. बाटलीवर 'दहा वर्षे' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ आतला थेंब न् थेंब दहा वर्षांचा असा नव्हे. कोणी आठ वर्षांची, कोणी पंधरा वर्षांची अशा वाईनी मिसळून दहा वर्षे मुरल्याची चव साधली, आणि चाखणाऱ्या अधिकृत मंडळाने ती मान्य केली, असा त्याचा अर्थ. तरुण वाईन तरतरी आणते, वृद्ध वाईन खोली आणते. एका वर्षी पाऊस अवेळी झाला, द्राक्ष फिके आले, तर दुसऱ्या वर्षाची वाईन त्याला सावरून घेते. एकत्र कुटुंबात एकाची कमाई घटली तर दुसरा सांभाळतो, तसेच हे.

या मिश्रणाची एक फार हिकमती रीत आहे, तिला स्पॅनिश भाषेत 'सोलेरा' म्हणतात. स्पेनच्या हेरेस प्रांतात, जिथे शेरी नावाचे मद्य होते, तिथे ती पूर्णत्वाला गेली. कल्पना करा, पिंपांच्या तीन ओळी एकीवर एक रचल्या आहेत. सर्वांत खालच्या ओळीत सर्वांत जुनी वाईन. विक्रीसाठी काढायची ती याच ओळीतून, पण पिंप रिकामे करायचे नाही. फार तर तिसरा हिस्सा काढायचा. जेवढी जागा झाली तेवढी वरच्या ओळीतून भरायची, त्या ओळीत त्याहून वरच्या ओळीतून, आणि सर्वांत वर नवी वाईन. खालचे पिंप कधी रिते होत नाही आणि कधी सगळे जुनेही राहत नाही. 'सोलेरा' शब्दाचे नाते जमिनीशी आहे, कारण ती तळची ओळ. आणि वरच्या ओळींना म्हणतात 'क्रियादेरा', म्हणजे लहानग्यांना वाढवण्याची जागा. पाळणाघर म्हणा ना!

हे ऐकून कोणत्याही गृहिणीला विरजण आठवेल. आजच्या दह्यातले चमचाभर उद्याच्या दुधात, उद्याच्यातले परवाच्या दुधात. सासूने दिलेले विरजण सून चालवते आणि कालचे भांडे आजच्या दह्यात जिवंत राहते. पण एक भेद ध्यानात ठेवावा. विरजणात चमचाभर जुने आणि भांडेभर नवे, शिवाय नव्या दह्यात जुने जिवाणू पुन्हा वाढतात. सोलेरात जुने अधिक, नवे थोडे आणि जे वाढते ते वय. विरजण जीव पुढे नेते, सोलेरा काळ पुढे नेतो.

थोडे गणित करून पाहू, दिवाळीची सुटी आहे म्हणून मुलांना घालायलाही बरे! एका पिंपातून दरवर्षी तिसरा हिस्सा काढला आणि तेवढीच नवी वाईन भरली, तर मूळच्या वाईनपैकी पहिल्या वर्षाअखेर दोन-तृतीयांश उरते. दुसऱ्या वर्षी त्याचे दोन-तृतीयांश. पाच वर्षांनी मूळची वाईन शेकडा १३ उरते आणि दहा वर्षांनी शेकडा पावणेदोन. पन्नास वर्षांनी ती नावापुरतीही सापडणार नाही. आणि तरी गणिताने पाहिले तर ती पूर्ण शून्य कधीच होत नाही. पूर्वजांचे रक्त आपल्यात किती, या प्रश्नाचे उत्तरही असेच निघते.

लेबलावरचा आकडा

आणि इथेच लबाडीला वाव मिळतो. समजा, एखाद्याने १८०८ साली पिंप भरले, पुढे शंभर वर्षे त्यातून काढत आणि भरत राहिला आणि मग बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'सोलेरा १८०८' असे लिहिले. खोटे लिहिले का? नाही, पिंप १८०८ चेच. खरे लिहिले का? तेही नाही, कारण आत १८०८ ची वाईन किती हे देव जाणे. गिऱ्हाईक मात्र त्या चार आकड्यांचे पैसे मोजते. आपल्याकडे 'अस्सल' हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर किती मोकळ्या हाताने रंगवतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या लबाडीचे नवल वाटणार नाही.

मदेरावर पुढे नियम आले. सोलेराची तारीख लावायची असेल तर दरसाल दहावा हिस्साच काढता येतो आणि अशी भर जास्तीत जास्त दहा वेळा घालता येते. मग पिंप बंद करून बाटल्या भरायच्या. पुन्हा गणित करा. दरवर्षी नऊ-दशांश उरते. असे दहा वेळा झाल्यावर मूळची वाईन शेकडा ३५ राहते. म्हणजे लेबलावरच्या सालाला आता निदान तिसऱ्या हिश्श्याचा आधार असतो. ज्या वाईनवर एकाच वर्षाचे नाव उंची प्रतीत मिरवायचे, तिला त्या वर्षाच्याच द्राक्षांपासून करावे लागते आणि निदान २० वर्षे लाकडात ठेवावे लागते. मिश्रण हे पाप नव्हे. मिश्रणाला शुद्ध म्हणून विकणे हे पाप. दुधापासून इतिहासापर्यंत हा नियम लागू आहे.

रोग आला, पिंपे राहिली

ही मिश्रणाची रीत बेटावर एवढी बोकाळली ती चैनीपोटी नव्हे, संकटापोटी. १८५१-५२ च्या सुमारास भुरीचा रोग आला आणि मळेच्या मळे पांढरे पडले. त्यातून डोके वर काढतात न काढतात तोच १८७२ साली फायलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळांवर घाला घातला. ज्या बेटाची भाकरी द्राक्षावर, तिथे द्राक्ष उरले नाही. पुष्कळ व्यापारी उठून गेले, पुष्कळ शेतकऱ्यांनी ऊस धरला, केळी धरली, कित्येक कुटुंबांनी देश सोडला.

पण कोठारांत जुनी पिंपे होती. ज्यांनी धीर धरला त्यांनी जुन्या वाईनचा थेंब न् थेंब पुरवून वापरला. हाती येईल त्या थोड्या नव्या वाईनीला जुनीचा आधार देत त्यांनी धंदा जिवंत ठेवला. सुगीची वर्षे दुष्काळाच्या वर्षांना पुरली. पुढे अमेरिकन द्राक्षाच्या मुळांवर ही कीड मात करू शकत नाही असे आढळले आणि त्या खुंटांवर जुन्या जातींची कलमे बांधून मळे पुन्हा उभे केले.

हे वाचताना अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूडच्या संत्रा बागायतदाराच्या मनात काय येईल ते सांगायला नको. आपला संत्राही जंबेरीच्या खुंटावर डोळा भरूनच वाढतो. त्यालाही फळगळ आहे, कोळशी आहे, पाण्याचा तोटा आहे. आंबिया बहाराचे पीक एकदम बाजारात आले की भाव कोसळतो, आणि संत्रे काही थांबायला तयार नसते. झाडावरून उतरले की त्याचे आयुष्य दिवसांत मोजायचे. मदेराच्या लोकांनी नाशिवंत फळाला शंभर वर्षांचे आयुष्य दिले. आमच्या संत्र्याला निदान वर्षभराचे द्या, ही वऱ्हाडची जुनी मागणी आहे. त्यासाठी मद्यच हवे असे नाही. रस, पाक, मुरांबा, सालीचे तेल, वाटा अनेक आहेत. पण कोठार लागते, भांडवल लागते आणि सर्वांत अधिक लागतो तो थांबण्याचा धीर. कर्जाचा हप्ता तोंडाशी असलेल्या माणसाला तो कोठून यावा?

नेपोलियन, चर्चिल आणि मोहाची फुले

देवगावचा तह लिहून घेणारा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणावर त्याने नेपोलियनचा पराभव केला. सेंट हेलेना बेटाकडे हद्दपारीवर निघालेल्या नेपोलियनचे जहाज ऑगस्टमध्ये फुंशालला थांबले. तिथल्या इंग्रज वकिलाने त्याला १७९२ सालच्या मदेराचे एक पिंप दिले, म्हणे. बादशहाने ते उघडले नाही. त्याच्या पश्चात पिंप बेटावर परत आले आणि त्याच्या बाटल्या भरल्या गेल्या. १९५० साली विन्स्टन चर्चिल विश्रांतीसाठी मदेराला गेले असता त्यांच्यासमोर त्यातली एक बाटली उघडली अशी कथा सांगतात. दीडशेहून अधिक वर्षांची ती वाईन तोवर ठणठणीत होती म्हणे! कथेत मीठमसाला असेल, पण वाईनची ख्याती खोटी नाही. ऊन आणि हवा यांनी जे बिघडायचे ते सारे तिच्या बालपणीच बिघडून गेलेले असते. मग तिला भय कशाचे? फोडलेली बाटलीसुद्धा महिनोन् महिने टिकते. आयुष्याच्या आरंभी टक्केटोणपे खाल्लेली माणसे म्हातारपणी घट्ट निघतात, त्यातलाच प्रकार.

याच्या उलट गाविलगडच्या पलीकडे पाहा. मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री गळतात आणि कोरकू बायका पहाटे टोपल्या घेऊन ती वेचतात. माल्वाझियाच्या द्राक्षासारखीच गोड, पांढुरकी, रसाळ फुले. ती वाळवून ठेवतात, खातात, विकतात, आणि त्यांची दारूही गाळतात. देवाला ती लागते, लग्नाला लागते, मर्तिकाला लागते. इंग्रजांनी आपली मदेरा तंबूत ठेवली आणि मोहावर मात्र कायद्याची नजर ठेवली. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला, कारण रानात फुकट मिळणाऱ्या फुलाने सरकारी अबकारीचे उत्पन्न बुडत होते. महाराष्ट्रात फुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडावे लागले. एकाच वस्तूला एका हाती बाटलीत प्रतिष्ठा आणि दुसऱ्या हाती गुन्हा, हा न्याय द्राक्षाने आणि मोहाने सारखाच पाहिला.

या साऱ्यावरून कोणी असे समजू नये की लेखकाला घरोघरी पिंपे मांडायची आहेत. दारूने वऱ्हाडात किती चुली विझवल्या हे वऱ्हाडातल्या बायकांना विचारावे. गावात मतदान घेऊन 'आडवी बाटली' निवडून देणाऱ्या आणि दारूचे दुकान बंद पाडणाऱ्या बायका याच महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांचे म्हणणे कोणत्याही चवदार वर्णनाने खोडता येत नाही. दुसरीकडे नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून गेल्या पंचवीस वर्षांत वाईनचा मोठा धंदा उभा राहिला. तिथे उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँ द्राक्षांची गोड पांढरी वाईनही होते. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, आणि जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढे वादळ उठले ते वाचकांना आठवत असेल. शेतकऱ्याचे फळ एका पारड्यात आणि शेतमजुराचे घर दुसऱ्या पारड्यात; हा तराजू अजून स्थिर झालेला नाही आणि एका लेखाने तो होणारही नाही.

पण मदेराच्या पिंपाकडून एक गोष्ट मद्याला हात न लावणारानेही घ्यावी. अचलपूरचेच पाहा ना. यादवांचे, बहमनींचे, इमादशाहीचे, मोगलांचे, निजामाचे, भोसल्यांचे आणि इंग्रजांचे थर या गावात एकावर एक चढले. वऱ्हाडीत फारसी आहे, हिंदी आहे, जुनी महानुभावी मराठी आहे. यातले कोणते साल अस्सल म्हणून वेगळे काढायचे? प्रत्येक सत्तेने पिंप रिते करून आपलेच भरू पाहिले. गावाने मात्र कधी पुरे रिते होऊ दिले नाही. थोडे काढले, थोडे भरले. शकुंतला रेल्वे अचलपूरवरून कापूस वाहत होती, ती थांबली. बाजाराचा दिवस मात्र चालू आहे.

घराचेही असेच असते. दिवाळीच्या चार दिवसांत आजी आपल्या हातचे अनारशाचे पीठ सुनेला दाखवते, सून त्यात आपले काही मिळवते, नात उद्या आणखी काही मिळवील. पन्नास वर्षांनी मूळ हाताची चव शेकडा किती उरली, याचा हिशेब मांडायला कोणी बसणार नाही. पण खालच्या ओळीचे पिंप एकदा कोरडे पडू दिले, की मग कितीही नवे ओतले तरी ती चव परत येत नाही, एवढे मदेराच्या माणसांनी रोगाच्या वर्षांत ओळखले होते. म्हणून मळे मेले तरी त्यांनी कोठारांना कुलूप लावले नाही.